नळी जाईल अशी लेथ

“हिच्यातून नळी आरपार जाते,” मिस्त्री म्हणाला आणि त्यानं लोखंड कातायच्या मोठ्या लेथचं तोंड फडक्यानं पुसलं.

जानरावानं वाकून पाहिलं. बंदुकीची अख्खी नळी आत सरकली असती. चाक फिरवून पाहिलं, कुठं झोल नव्हता. बंदुका दुरुस्त करणाऱ्याला आणखी काय हवं? तरी तो शेजारच्या लहान लेथकडे वळला. तिचं तोंड अरुंद. पंपाचे दांडे, इंजिनाचे बुश, एवढंच तिच्यावर झालं असतं.

“ही द्या,” तो म्हणाला.

खामगावातल्या बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंगचं सामान विकायला निघालं होतं. ते ऐकून तो जानेफळहून मोटारीनं आला होता. सोबत रामराव, लहानपणापासूनचा सोबती. महाराष्ट्र झाल्याला तीनेक वर्षं झाली होती, पण रानडुकरांना त्याचं काय. ती ज्वारी लोळवतच होती. शेतकरी परवान्याच्या ठासणीच्या बंदुका घेऊन जानरावाच्या दारात बसत, आणि तो काहीतरी सबब सांगून एकेकाला परत पाठवी. सबबी सांगूनही माणूस थकतो.

त्याआधी एकदा त्यानं आपल्या झिजलेल्या लेथवर रामरावाच्या बंदुकीच्या नळीच्या बुडाला आटे पाडले होते. ते सैल बसले. पहिल्याच बाराला बूड उडालं आणि रामरावाच्या उजव्या हाताची बोटं गेली. रामरावानं त्याला कधी बोल लावला नाही. पोलिसांना त्यानं सांगितलं, दारूच जास्त ठासली होती. नंतरही तो रोज दुकानात येई, थोट्या तळव्यावर तंबाखू मळत गप्प बसे. त्या गप्प बसण्यानंच जानराव आतून खचला होता. लहान लेथ घेतली की बंदुकीचं काम आपोआप सुटेल, कोणाला सांगावंही लागणार नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

रामराव पुढं आला. “काऊन बे? हिच्यात नळी जात नाही.”

“आता नाही होत माह्याच्यानं,” जानराव खाली पाहत म्हणाला.

रामरावानं मिस्त्र्याला मोठ्या लेथचे बोल्ट सोडायला सांगितलं. मग जानरावाकडं वळून तो हळूच म्हणाला,

“खराब लेथीपायी गेला हा हात. आता चांगली भेटून राह्यली अन् तू लहान घेतो? मंग माहा हात फुकटच गेला ना बे.”