सी पिंजरा

सुई चारही पिंजऱ्यांना मिळायची; त्यात डावं-उजवं नव्हतं. आठवड्यातून दोनदा विभागप्रमुख सर प्रत्येक पिंजऱ्याच्या सुया भरून द्यायचे, अश्विनी मॅडम टोचायच्या आणि कृपादान उंदीर धरायचा. शिवाय रोज सकाळी प्रत्येक पिंजऱ्याला आपापल्या तपकिरी बाटलीतलं औषध तोंडावाटे. ए, बी, सी, डी. कुठल्या पिंजऱ्याला काय मिळतं ते मॅडमनाही ठाऊक नव्हतं. तो कागद सरांच्या कपाटात, लाख लावलेल्या पाकिटात होता.

"कळलं की मन एका बाजूला झुकतं, कृपादान," मॅडम म्हणाल्या होत्या. "मग डोळ्यांना नको ते दिसायला लागतं."

संगमनेरच्या त्या औषधशास्त्राच्या कॉलेजात कृपादान अकरा वर्षं माळी होता. उंदरांच्या खोलीत त्याला पाठवलं ते शहाण्णवच्या उन्हाळ्यात, जुना माणूस निवृत्त झाला म्हणून. सुईत यकृत नासवणारं विष असतं आणि त्यावर उतारा शोधायचं काम चाललंय, एवढं त्याला कळलं होतं. एक औषध परदेशी आहे, मुंबईहून खोक्यातून आलंय, हेही कानावर होतं.

तिसऱ्या आठवड्यात डीमधले उंदीर केस पिंजारून कोपऱ्यात बसले. दोन मेले. ए आणि बीमधले मरगळले होते, पण खात होते. सीमधले मात्र जाळीवर चढून कृपादानच्या बोटाला नाक लावायचे.

घरी त्याची बायको दीना पिवळी पडत चालली होती.

डॉक्टरांनी लिव्हर खराब झाल्याचं सांगून गोळ्या दिल्या होत्या आणि पुढचं बोलायचं टाळलं होतं. शेजारच्या अकोले तालुक्याच्या डोंगरातली छबूबाई दर आठवड्याला पाला आणून द्यायची. त्याचा रस ताकातून घ्यायचा. दीना नाक दाबून महिनाभर तो घेत होती. अलीकडे अर्धी भाकरी खाऊ लागली होती, पण डोळ्यांतला पिवळेपणा हटत नव्हता. कृपादानला तेवढ्यानं समाधान नव्हतं. खरं औषध कसं असतं ते तो रोज सकाळी डोळ्यांनी बघत होता.

"तो पाला बंद कर," तो एके दिवशी म्हणाला. "मी चांगलं आनलंय. कॉलेजचं हाय."

"इचारून आनलंय ना?"

"व्हय."

दर रविवारी चर्चमध्ये दानाची थैली फिरवणारा माणूस हा. बायकोशी खोटं बोलताना त्याची मान वर होईना. सीच्या बाटलीतलं औषध त्याने टॉनिकच्या रिकाम्या बाटलीत ओतून आणलं होतं.

दीनाने दोन चमचे घेतले. "छबूबाईचं लई कडू हुतं बया. हे बरं हाय, जातंय तरी."

छबूबाई पाला घेऊन आली तेव्हा कृपादानने तिला चहा दिला आणि दारातूनच परत पाठवलं.

"दादा, मधीच सोडू नका," ती म्हणाली. "दीनाच्या तोंडाला आत्ता कुठं चव आली हाय."

"दुसरं चालू केलंय," तो म्हणाला आणि तिच्याकडे न बघता आत गेला.

आठ दिवसांत सीची बाटली तळाला गेली. मागे बीच्या बाटलीतले चार थेंब सांडले होते तर सरांनी खोली डोक्यावर घेतली होती. तरी धीर करून कृपादान सरांकडे गेला.

"सर, सीची बाटली कलंडली माझ्या हातनं."

"सी ना? त्यात काय एवढं. उद्या भरून देतो."

त्याला सरांचे पाय धरावेसे वाटले. सरांना कळलंय आणि देवमाणूस जाणूनबुजून कानाडोळा करतोय, अशी त्याची खात्री झाली.

दीनाची अर्धी भाकरी चतकोरावर आली, मग पेजेवर. पोट फुगलं. औषध कमी पडतंय म्हणून कृपादानने दोनाचे चार चमचे केले, चाराचे सहा. मनात पाल चुकचुकली की तो सीच्या पिंजऱ्यापुढे जाऊन उभा राहायचा. उंदीर जाळीवर उड्या मारत असायचे. त्यांना बघून तो पुन्हा उभारी धरायचा.

गुरुवारी दुपारी चमचा तोंडाशी नेला तेव्हा तिने तो हळूच बाजूला सारला.

"तुमी लई केलं माझं," ती म्हणाली.

संध्याकाळ तिने पाहिली नाही.

माती देऊन झाल्यावर आठव्या दिवशी कृपादान कामावर आला. सहा आठवडे पुरे झाले होते. उंदरांची यकृतं काढून पांढऱ्या थाळ्यांमध्ये मांडली होती. डीची फिकट, सुजलेली, गाठाळ. सीची मात्र तांबडीलाल, गुळगुळीत. कृपादान त्या थाळीपाशी थांबला आणि त्याला रडू आवरेना.

औषध खरंच होतं. आपल्यालाच उशीर झाला. या एका समजुतीवर त्याने आठ दिवस काढले होते.

मॅडमनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. सरांनी नुकतंच पाकीट फोडून कागद त्यांच्या हातात ठेवला होता.

"मॅडम," डोळे पुसत तो म्हणाला, "त्या सीमधल्या औषधाचं नाव तेवढं सांगा. आमच्यात आनखी एका बाईला कावीळ झालीय. तिला तरी येळेवर मिळंल."

मॅडमनी कागद उलगडला.

"ए म्हणजे परदेशी औषध. बी म्हणजे अकोल्याच्या कुणा छबूबाईंचा पाला." त्यांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं. "आणि सी... अहो, हे तर निरोगीच ठेवले होते, तुलनेसाठी. यांना विष दिलेलंच नाही. सुईत नुसतं तेल आणि बाटलीत डिंकाचं पाणी."