टेकडीवरची पोच

"गेला का?" सिंधुनं विचारलं.

"पोच आली की." मल्लिनाथनं फोन तिच्यापुढं धरला. निरोपाखाली बारीक अक्षरं होती. पोच: वीरण्णा. "आता तरी दोन घास खा."

पंचमीला अठरा दिवस होते.

हिमायतनगरच्या पल्याड, जंगलाला टेकलेलं हे गाव. इथं फोनवर बोलणं होत नसे. टेकडीवरची अँटेनाची थाळी निरोप झेलायची आणि पुढं फेकायची. पण वाटेत झाडं, धुकं, पावसाची झड. निरोपाचे तुकडे गळून जायचे. देवणीला भावाला धाडलेली दोन ओळींची ओवी कधी दिवसानं पोचायची, कधी पोचायचीच नाही.

मल्लिनाथ गावाची ही जोडणी सांभाळायचा. उन्हाळ्यात त्यानं टेकडीवर एक डबा बसवला, आणि निरोप झराझरा जायला लागले.

"आधी कसं, बाई," ओट्यावर बसून तो नर्सबाई चंद्रप्रभाला सांगत होता, "एक तुकडा धाडायचा अन् पल्याडून पोच येईस्तोवर हात बांधून बसायचं. पोच हरवली की पुन्हा पहिल्यापासनं. आता डबा मधी बसलाय. तो निरोप इथंच घेतो, समोरच्याच्या नावानं पोच इथंच देतो. धाडणारा मोकळा. पुढची जिम्मेदारी डब्याची."

"म्हंजे लस टोचायच्या आधीच रजिस्टरात सही!" चंद्रप्रभा हसली. "लबाडच हाय की तुमचा डबा."

"लबाड न्हाई. शिकवलं तेवढंच करतो. फकत तार काढू नका कुणी. तार काढली की शिकवलेलं सगळं विसरतो, आत साठलेलं तसंच पुढं सोडून देतो, अन् मला पुन्हा टेकडी चढावी लागते."

सिंधु आतून ऐकत होती. नवऱ्याचं तिला कौतुक वाटलं.

दोन वर्षांपूर्वी वीरण्णाच्या लग्नात जावयाचा मान द्यायचा राहिला, म्हणून मल्लिनाथ न जेवता उठून आला होता. तेव्हापासून दाजी-मेव्हण्यांचं बोलणं बंद. सिंधुचे वडील, आप्पासाहेब, गेल्यावर देवणीच्या सहा एकरांच्या वाटणीचे कागद मल्लिनाथनं वकिलाकडून करून आणले, पण सिंधुनं सही केली नाही.

"भाऊ हाय मला," ती म्हणाली होती. "भावाच्या दारात वकील कसा धाडू?"

"तुझी मर्जी," एवढंच बोलून त्यानं कागद पेटीत ठेवले.

यंदा तिनं मनाशी ठरवलं. लेकीनं सणाला आपल्या पायानं माहेरी जायचं नसतं, न्यायला मुराळी यावा लागतो. वीरण्णा आला, तर माहेर आहे. फोन ओठांशी धरून ती ओवी म्हणायची.

बैल देवणीचा बाई, कान काळा, पाठ पांढरी
मुराळी माझा येतो, त्याची धूळ माझ्या दारी

रोज एक ओवी. रोज पोच. उत्तर एकही नाही.

पंचमीच्या चार दिवस आधी तिनं ताट सरकवलं. "डब्यातच अडकले असतील माझे निरोप."

बाहेर झड लागली होती. मल्लिनाथ उठला, पोतं डोक्यावर घेऊन टेकडी चढला. तासाभरानं निथळत परत आला. ताटातल्या भाकरीवर त्यानं ओला हात ठेवला.

"भाकरीची आण. तुझा एकबी निरोप डब्यात न्हाई. चौदाच्या चौदा देवणीला गेले. त्यानं उघडून ऐकलेत."

सिंधुला ठाऊक होतं, हा माणूस भाकरीवर हात ठेवून खोटं बोलत नाही. तिनं पदरानं त्याचं डोकं पुसलं.

पंचमी आली. कडुलिंबाला झोके टांगले गेले. शेजारच्या दोघी मुराळ्यांच्या मागं मोटारसायकलवर बसून गेल्या. सिंधुनं लाह्या फोडल्या, हातभर बांगड्या भरल्या, पिशवी भरून उंबऱ्याशी ठेवली. दिवेलागणीला तिनंच ती उचलली आणि लुगडी परत पेटीत घातली. घालताना कागद हाताला लागले.

सकाळी तिनं ते मल्लिनाथपुढं ठेवले. "पेन द्या."

"घाई न्हाई, सिंधु. दोन दिस इचार कर."

"चौदा ओव्या ऐकून जो हूं का चूं करत न्हाई, तो कसला भाऊ?"

तिनं सही केली. 'सिंधु आप्पासाहेब' असं लिहायला हात गेला, तो तिनं मागं घेतला. नवऱ्याचं नाव लिहिलं.

मल्लिनाथ तसाच लातूरला वकिलाकडं निघाला. जाताना म्हणाला, "जेव वेळेवर. अन् डब्याला कुणाला हात लावू देऊ नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रप्रभा धापा टाकत आली. "सिंधुताई, वरचा दिवा लाल झालाय. बाई अडलीय माझ्याकडं, गाडी मागवायचीय, निरोपच जाईना. काहीतरी करा!"

सिंधु टेकडी चढली. चिखलात दोनदा घसरली. डब्याचं झाकण उघडून तिनं तार काढली, दहापर्यंत मोजलं, पुन्हा लावली. दिवा हिरवा झाला. खाली ओट्यावरून चंद्रप्रभानं हात हलवला, निरोप गेला होता.

आणि कमरेच्या पिशवीतला फोन थरथरला. थांबला. पुन्हा थरथरला. मग थांबेचना.

सतरा निरोप. सगळे देवणीचे.

तिनं पहिला लावला. वीरण्णाचा आवाज, मागं बैलांच्या घुंगरांचा. "अक्का, ओवी ऐकली. आई असती तर रडली असती बघ. येतो मी न्यायला."

तिनं मधले सोडून शेवटचा लावला. पंचमीच्या आदल्या सांजेचा.

"अक्का, सकाळधरनं फाट्यावर बसून हाय. दाजींशी तोंडातोंडी नको, म्हणून गावात आलो न्हाई, तुला तसं कळवलं होतं. आता शेवटची एसटी बी चालली. सोळा निरोपांची पोच दिलीस, अक्का. मग आली का न्हाईस?"

त्याखाली बारीक अक्षरं होती. पोच: सिंधु.