उरलेली घटका

होग्लानं पिठाचे हात झटकले आणि दारात येऊन सूर्याकडे पाहिलं. यार्देन नदीच्या पलीकडे, गिलबोवाच्या डोंगरावर, तो अजून हातभर वर होता. आज सातवा दिवस. सूर्य टेकला की उपास कायमचा सुटणार होता. जवाच्या भाकरी भाजून तयार होत्या आणि त्यांच्या वासानं सगळं याबेश गाव कासावीस झालं होतं.

उपास शौल राजासाठी होता. गिलबोवाच्या लढाईत तो पडला, आणि शत्रूनं, पलिष्ट्यांनी, त्याचं धड बेथ-शान शहराच्या तटावर टांगलं. याबेशची माणसं रातोरात चालत गेली, त्याला आणि त्याच्याबरोबर पडलेल्या त्याच्या मुलांना खाली उतरवून घेऊन आली. होग्लाचा नवरा यरेद त्यांत होता. देह जाळून हाडं गावच्या एशेलच्या झाडाखाली पुरली. फार पूर्वी अम्मोनी राजा या गावातल्या प्रत्येकाचा उजवा डोळा काढायला टपला होता, तेव्हा हा शौलच धावून आला होता. गाव ते विसरलं नव्हतं.

होग्लाही विसरली नव्हती. पण या सात दिवसांत तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. उपकार फेडायचे म्हणून ती उपास करत होती, नेमानं, जसा ती प्रत्येक नेम करायची. शब्बाथचा विसावा असो की बोललेला नवस, तिच्या हातून आजवर एकही मोडला नव्हता. पहिल्याच दिवशी पीठ चाळताना ती म्हणाली होती की राजानं हे आपल्या हातानं ओढवून घेतलं. गिलगालला देवाच्या संदेष्ट्यानं त्याला बजावलं होतं, सात दिवस माझी वाट पाहा, होमबली मीच येऊन अर्पीन. सातव्या दिवशी राजानं आपणच होम पेटवला. धूर वर चढतोय तोच संदेष्टा समोर उभा. परमेश्वराचा शब्द मोडला, आणि तिथूनच राज्य त्याच्या हातून निसटत गेलं.

तिची सासू, म्हातारी अतारा, चटईवर पडून ऐकत होती. तिनं आठवण करून दिली की तेव्हा शत्रू पुढ्यात उभा होता आणि राजाची माणसं एकेक करून कपारींत पळत होती. एकट्या माणसानं करायचं काय?

"थांबायचं," होग्ला म्हणाली होती. "आत्याबाई, उरलं होतं किती? घटकाभर."

"देवसुद्धा तुझ्यापुढं जपून वागत असेल गं," म्हातारी म्हणाली आणि तिनं कूस बदलली.

होग्ला दारातून आत वळणार तोच बुरुजावरचा पहारेकरी ओरडू लागला. यार्देनच्या उताराकडे धुळीचा लोट उठला होता. गावचा वडीलधारा मल्कीएल दारोदार सांगत फिरला: पलिष्टी हाडांसाठी येतायत, आपल्यालाही सोडणार नाहीत, असाल तसे वरच्या गुहा गाठा. यरेद भाला घेऊन एशेलच्या झाडाकडे धावला. आईला वर ने, एवढंच तो जाता जाता म्हणाला.

होग्लानं सासूला उठवलं. दोन पावलांत म्हातारीचे गुडघे खचले. या वयात सात दिवस फक्त रात्रीच्या घासावर काढलेले. होग्लानं तिला पाठीवर घेऊन पाहिलं, पण तिच्या स्वतःच्या अंगात तरी कुठं बळ उरलं होतं. मग तिनं भाकरीचा तुकडा पाण्यात बुडवला आणि म्हातारीच्या ओठांशी धरला. म्हातारीनं तोंड घट्ट मिटलं. सूर्य अजून वर आहे, असं बोटानं दाखवलं.

"देव म्हाताऱ्या माणसाला बोल लावत नाही, आत्याबाई. खा."

"तू खाशील तर मी खाईन. एकटीनं नाही."

होग्लानं बाहेर पाहिलं. समोरच्या घराचं दार सताड उघडं होतं. कालपर्यंत जिथं बाया बसून मेलेल्यांची गाणी म्हणत होत्या, तिथं एक शेळी फिरत होती. तिनं शेजारणीला हाक मारली. मग यरेदला मारली. धूळ जवळ येत होती. सूर्य जागचा हलत नव्हता. त्याच्याकडे बघत ती उभी राहिली, जेवढं राहवलं तेवढं. मग तिनं भाकर मोडली आणि तोंडात घातली.

म्हातारीनं तोंड उघडलं.

दोघी उंबऱ्याशी येतात तोच यरेद समोर आला. भाला खांद्यावर, धापा टाकत, हसत. खाऱ्या समुद्राकडचे मीठवाले होते म्हणे, त्यांची गाढवं उधळली होती. माणसं डोंगरावरून उतरू लागली. असले डोळे वाचवून राजानं काय मिळवलं, असं म्हणून जो तो पहारेकऱ्याला झोडपत होता.

यरेदनं बायकोच्या हातातली अर्धी भाकर पाहिली. मग गिलबोवाकडे पाहिलं. सूर्याची कडा डोंगराला अजून टेकायची होती. दिवस सरल्यातच जमा आहे, तो हळूच म्हणाला, कोण बघायला बसलंय.

होग्ला उंबऱ्यावर बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मोडलेल्या उपासाचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस, एक पारवा अर्पण करू, देव समजून घेईल, असं काहीबाही सांगत राहिली.

होग्लानं मान हलवली.

"माझं नाही हो, आत्याबाई. सगळे म्हणतात राजा थांबला नाही. मीही म्हणत आले. पण तो सातव्या दिवसापर्यंत थांबला होता."