गरज नसलेला थांबा

विनाचालक बस थांब्यासमोरून वेगही कमी न करता निघून गेली. हौसाआत्यांचा वर केलेला हात तसाच राहिला.

चिडलेल्या दिगंबरने खांबावरचं बटण दाबलं. शहरातल्या बसचे मार्ग आता यंत्रच आखायचं, रोज नव्याने, प्रवासी बघून. आतून गोड आवाज आला, "वर्षभरात इथून एकही प्रवासी चढलेला नाही. थांबा रद्द केला आहे."

"अहो, आत्यांना डायलिसिसला जायचंय!"

"त्यांची सोय तुमच्या स्कूटरवर होते."

गेलं वर्षभर शेजारधर्म म्हणून दिगंबरच त्यांना नेत-आणत होता. म्हाताऱ्या माणसाने बसचे धक्के कशाला खायचे, म्हणून अगदी हट्टाने. पण आता त्याची बदली झाली होती, घरातलं सामान ट्रकमध्ये चढलं होतं.

"मी गाव सोडून चाललोय! थांबा परत सुरू करा."

"जरूर. सलग तीन महिने इथून प्रवासी चढला, तर करू."

"बसच थांबत नाही, तर चढणार कसा?" तो ओरडला.

"ओरडू नकोस रे दिगू," आत्या हळूच म्हणाल्या. "तू मला न्यायला लागायच्या आधी थांबायची ती."