आठवड्याचं विमान

टॉवर बंद करून देवेशनं आतलं यंत्र उघडलं, आणि मग त्याला मघाशीच येऊन पडलेला धाकट्या भावाचा मेसेज दिसला. "दादा, बाबा आयसीयूत आहेत. असशील तसा नीघ."

कनाटा शहरातल्या त्याच्या ऑफिसनं त्याला या बर्फाळ बेटावर पाठवलं होतं ते इथला एकुलता एक फोनचा टॉवर दुरुस्त करायला. पण आठवड्यातून एकदा येणारं विमान आजच होतं. ते चुकलं तर बाबांचं तोंडही दिसणार नव्हतं. उरलेलं काम पुढचा माणूस येऊन करेल, असं मनाशी म्हणत त्यानं यंत्र तसंच उघडं टाकलं आणि एअरपोर्ट गाठला.

एअरपोर्ट म्हणजे एक खोली, एक बाक आणि मार्था. तिकीट बघणारी तीच, बॅगांचं वजन करणारी तीच, धावपट्टीवरचा बर्फ काढणारीही तीच. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. ते कलायला लागलं तरी आकाशात काही दिसेना.

"मार्था, तिकडे नागपुरात माझे वडील अखेरच्या घटका मोजतायत," देवेशचा आवाज चिरकला. "एवढी स्वच्छ हवा आहे, मग विमान का येत नाही?"

"इथली हवा स्वच्छ आहे, हे मी फोन करून सांगितल्याशिवाय पायलट तिकडून निघतच नाही," मार्था म्हणाली आणि तिनं त्याच्या हातात कॉफीचा मग दिला.



"फोन तर सकाळपासून बंद आहे," ती पुढे म्हणाली. "तू तो चालू करूनच आलास ना?"