चारही विंगांच्या मधोमध

बोअरच्या तोंडाशी कान लावून नंदकुमार पालथा पडला होता. त्याने एक खडा आत सोडला. खडा बराच वेळ जात राहिला आणि शेवटी खालून ठक् असा आवाज आला. डुबुक व्हायला हवं होतं. तो उठला, शर्टाची माती झटकली आणि गॅलऱ्यांतून बघणाऱ्या लोकांकडे पाहून उगाचच हसला.

मुलुंडच्या उषःकाल सोसायटीची ही बोअर म्हणजे त्याच्या हाती आलेलं पहिलं अख्खं काम. पाहणीपासून पंप बसवण्यापर्यंत सगळं त्याच्यावर. त्याच्या ठेकेदाराला सगळे भाऊ म्हणत. पाणी लागलं तर नोकरी पक्की, नाही लागलं तर दुसरीकडे बघ, असं भाऊंनी आधीच सांगून ठेवलं होतं. नोकरी पक्की झाली की मानखुर्दला खोली घ्यायची आणि बायकोला गावाहून आणायचं. तसं त्याने अनुपमाला कळवूनही टाकलं होतं. घाईच केली म्हणायची.

खरं तर आवारात पाणी होतं. जमिनीखालचं पाणी शोधणाऱ्या माणसाने यंत्र फिरवून एका कोपऱ्यात चुन्याची फुली मारून दिली होती. पण फुली पडली नेमकी चेअरमन विद्याधर सामंतांच्या स्कूटरच्या जागेवर, आणि स्कूटर तर वर्षानुवर्षं नंबर लावून मिळालेली. शिवाय कोपरा ए विंगच्या बाजूचा, तेव्हा डी विंगने लगेच हरकत घेतली. जनरल बॉडी बसली. चहा झाला, भांडण झालं, पुन्हा चहा झाला. अखेर चारही जिन्यांपासून टेप धरून आवाराचा बरोब्बर मध्य काढला आणि बोअर तिथेच मारायची असं सर्वानुमते ठरलं.

"अहो, पण तिथे पाणी नाहीये," नंदकुमार म्हणाला होता.

"ते तुमचं टेक्निकल झालं," सामंत म्हणाले. "आम्हाला सोसायटी चालवायची आहे."

मशीन काळ्या कातळात घुसलं. धुरळा चारही विंगांवर सारखा उडाला, त्यामुळे कोणाची तक्रार राहिली नाही. पाणी तेवढं लागलं नाही.

आणि रविवारी उद्घाटन होतं. नगरसेवक येणार होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

"लागलं का रे?" बी विंगच्या प्रेमाकाकू पूजेचं ताट घेऊन खाली आल्या.

"लागेल, काकू."

काकूंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि घरून आणवलेले दोन हंडे पाणी बोअरमध्ये ओतलं. पहिलं पाणी आपण द्यायचं, मग ती देते, अशी त्यांच्या माहेरची रीत. घरात प्यायला पाणी नसताना दोन हंडे मातीत घातले म्हणून काका वरून बरंच काही बोलले.

दुसऱ्या दिवशी नंदकुमारने सुतळीला दगड बांधून आत सोडला. दगड ओला वर आला. कातळ इतका घट्ट होता, की त्यातून पाणी येत नव्हतं तसं जातही नव्हतं. काकूंचं पाणी तळाशी जसंच्या तसं होतं. नंदकुमारच्या डोक्यात किडा वळवळला तो तिथेच.

रविवारी सकाळी टीव्हीवर मालिका लागली की आवारात चिटपाखरू नसे. रोजचा पाण्याचा टँकर घेऊन धोंडिराम तेव्हाच आला. नंदकुमारने सांगितल्याप्रमाणे त्याने आधी पाइप बोअरमध्ये सोडून ती काठोकाठ भरली आणि उरलेलं पाणी नेहमीप्रमाणे सोसायटीच्या टाकीत ओतलं. कारण विचारलं नाही. पाणी कुठे घ्यायचं हे गिऱ्हाइकाने बघायचं, असं त्याचं मत होतं.

नगरसेवकांनी बटण दाबलं. पंप घरघरला आणि मनगटाएवढी धार उसळली. टाळ्या पडल्या. प्रेमाकाकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. नगरसेवकांनी ग्लासभर पाणी पिऊन पाहिलं.

"कमाल आहे," ते म्हणाले. "अगदी नळाच्या पाण्यासारखं लागतं."

"नव्या बोअरला फार ओढायचं नसतं," म्हणत नंदकुमारने चटकन पंप बंद केला.

पण नगरसेवकांना आता उत्साह चढला होता. त्यांनी माइक हातात घेतला. एवढं गोड पाणी एकट्या उषःकालने का प्यावं? उद्यापासून या सोसायटीला टँकर बंद. उलट या भागातल्या सगळ्या टँकरांनी लांब कुठे न जाता इथेच भरायचं. पुन्हा टाळ्या पडल्या. या वेळी सोसायटीच्या जरा कमी होत्या.

सांगून टाकावं असं नंदकुमारला फार वाटलं. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात भाऊंनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"उद्यापासून तू पर्मनंट. ही बोअर आता तूच सांभाळायची."

नंदकुमारने तोंड मिटलं. त्याला आनंद झाला, आणि झालेल्या आनंदाची लाजही वाटली. संध्याकाळी तो मानखुर्दची खोली ठरवून आला.

सोमवारी सकाळी तो पोचला तेव्हा फाटकाबाहेर टँकरांची रांग लागली होती. आत चारही विंगांचे लोक बादल्या घेऊन उभे होते. रांगेत पहिला धोंडिराम होता. त्याला पाहून नंदकुमारच्या जिवात जीव आला. तो धावतच टँकरपाशी गेला.

"बरं झालं लवकर आलास. चल, घाल पाइप आत."

"पन टँकर रिकामा हाय, सायेब. आता इथंच भरायचा हुकूम झाला ना."

"अरे, मग बोअरमध्ये काय ओतणार?"

धोंडिरामने पाइप खांद्यावर घेतला. तो बराच वेळ बोअरकडे बघत राहिला, मग टँकरकडे.

"त्येच इचारायचं हुतं," तो म्हणाला. "आदी भरू, का आदी ओतू?"