केळीला घातलेलं पोटॅश

थोरल्या सुनेने तळ्यातला ट्रे पाण्याबाहेर ओढला. आतल्या कोळंब्या आकड्यासारख्या वाकल्या होत्या. एक उचलून तिने सरळ करून पाहिली. बोट काढताच ती पुन्हा वाकली. पाठीचं मांस पांढरं पडलेलं, कवच ओल्या कागदासारखं मऊ.

आजारी आईजवळ राहून ती कालच परतली होती. तोवर तळं धाकट्या दिराकडे होतं. तो काठावर दात कोरत उभा होता.

"भावजी, पोटॅश टाकत होतात ना?"

"मीठ टाकलं. रोज. मीटर लावून बघा, तुम्ही सांगितलात तेवढाच खारटपणा आहे."

"मी पोटॅशची पोती ठेवून गेले होते."

"अहो वहिनी, पोटॅश म्हणजे झाडांचं खत. कोळंबीला कोण घालतं? तुमचा काहीतरी घोळ झाला असणार. मी आपलं गुपचूप निस्तरलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोअरच्या पाण्यात समुद्राची कोळंबी वाढवायची, तर समुद्रात जे आयतं मिळतं ते हाताने घालावं लागतं. नुसत्या मिठाने भागत नाही. याच्यासमोर बसून तिने हे किती वेळा सांगितलं होतं, आणि याने किती वेळा मान डोलवली होती. अडलं तर एक फोन करायचा. पण वहिनीला विचारायचं म्हणजे याचं नाक खाली झालं असतं.

"पोती कुठे आहेत?"

"वाया नाही घालवली हो. केळीला घातली."

बांधापलीकडे त्याची केळी माजली होती. घडांच्या भाराने खोडं कलली होती. काल आल्याआल्या त्याने तिच्या हातात एक फणी ठेवली होती, आणि काय गोड आहेत, असं तीच म्हणाली होती. तिला स्वतःचाही राग आला. पापणीच्या केसाएवढी पिल्लं आणून तिने हे तळं उभं केलं होतं. आता धावपळ करून पोटॅश आणलं, तरी निम्मं तळं हातचं गेलं होतं.

नवरा मोटरीपाशी उभा होता. "जाऊ दे आता," तो म्हणाला. "त्याच्या मनात काही वाईट नव्हतं."

"तुम्ही तर इथेच होतात," ती म्हणाली.

तो मोटरीचा पट्टा तपासू लागला.

तिने ट्रे उचलला आणि बांध ओलांडला. "अहो, कुठे निघालात?" म्हणत दीर मागोमाग आला. सगळ्यात जाड केळीच्या बुंध्याशी तिने ट्रे पालथा केला. दोन-चार कोळंब्या अजून तडफडत होत्या.

"एवढं घालायचं राहिलं होतं," ती म्हणाली. "पाणी द्या, भावजी. नीट मुरू दे. मी पुढचा ट्रे घेऊन येते."